मिनेसोटा ऑर्केस्ट्राची टाळेबंदी (२०१२–२०१४) : एक प्रकरण अभ्यास

१ ऑक्टोबर २०१२ रोजी मिनिॲपोलिसच्या मिनेसोटा ऑर्केस्ट्राने आपल्याच वादकांना कामावर येण्यास मनाई केली. पगार थांबला, विम्याचे संरक्षण थांबले आणि मैफिली एकामागून एक रद्द होत गेल्या. समेट व्हायला जानेवारी २०१४ उजाडला. अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या वाद्यवृंदात इतकी लांबलेली टाळेबंदी क्वचितच झाली असेल.

यातले बहुतेक तपशील त्या काळातच जाहीर झाले होते. तरीही वाद्यवृंदाच्या संचालक मंडळाचे पदाधिकारी, व्यवस्थापक आणि वादक यांची नावे मी गाळली आहेत, कारण मला तपासायचे आहेत ते निर्णय. वाद्यवृंदाचे दिग्दर्शन करणारे कंडक्टर आणि माजी सिनेटर असलेले एक मध्यस्थ यांची नावे मात्र ठेवली आहेत. ती काढली तर घटनाक्रम कळणार नाही.

पार्श्वभूमी

मिनिॲपोलिस हे मिसिसिपीच्या काठी लाकडाच्या वखारी आणि पिठाच्या गिरण्या यांवर वाढलेले शहर. १९०३ साली तिथे मिनिॲपोलिस सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा राहिला. एमिल ओबरहोफर हे पहिले कंडक्टर होते आणि पैशांची हमी शहरातल्या उद्योजकांनी घेतली. पुढे या वाद्यवृंदाने रेल्वेने इतके दौरे केले की त्याला ‘चाकांवरचा वाद्यवृंद’ म्हणत. थेट हवानापर्यंत तो १९२९ साली जाऊन आला होता.

या शहराचे नशीब असे की पुढे जगभर नाव झालेले कंडक्टर ऐन उमेदीच्या वयात इथे येऊन राहिले. यूजीन ऑर्मंडी १९३१ ते १९३६ इथे होते. त्यांच्यानंतर आलेल्या दिमित्री मित्रोपोलस यांनी १९४० मध्ये मालरच्या पहिल्या सिंफनीचे पहिले ध्वनिमुद्रण इथेच केले. अंताल दोराती यांनी चायकोव्हस्कीचे ‘१८१२’ या नावाचे संगीत खऱ्या तोफेच्या आवाजासह मुद्रित केले आणि ती तबकडी प्रचंड खपली. १९६० पासून १९७९ पर्यंत स्तानिस्लाव स्क्रोवाचेव्हस्की होते. त्यांच्याच काळात १९६८ मध्ये संस्थेचे नाव मिनेसोटा ऑर्केस्ट्रा झाले आणि १९७४ मध्ये शहराच्या मध्यभागी ऑर्केस्ट्रा हॉल उभा राहिला. त्याआधीची चव्वेचाळीस वर्षे मैफिली विद्यापीठाच्या नॉर्थ्रप सभागृहात होत असत.

२००३ मध्ये फिनलंडचे ओस्मो व्हॅन्स्का म्युझिक डायरेक्टर, म्हणजे मुख्य कंडक्टर, झाले. लाहती या छोट्या फिनिश शहराचा वाद्यवृंद त्यांनी जगाच्या नकाशावर आणला होता. मिनिॲपोलिसमध्ये त्यांनी तालमींची शिस्त बसवली. ऐकू येईल न येईल इतक्या हळू आवाजात शंभर माणसांनी एकत्र वाजवणे ही त्यांची खासियत. मोठ्याने वाजवताना एखाद्याची चूक झाकली जाते, इतक्या हळू वाजवताना कुणाचेच काही झाकत नाही. बेथोव्हनच्या नऊही सिंफनींची त्यांची ध्वनिमुद्रणे गाजली. मार्च २०१० मध्ये कार्नेगी हॉलच्या मैफिलीनंतर न्यूयॉर्कच्या एका मातब्बर समीक्षकाने लिहिले की त्या संध्याकाळपुरता तरी हा आपल्या कानांना जगातला सर्वश्रेष्ठ वाद्यवृंद वाटला. त्यानंतर फिनिश संगीतकार सिबेलियसच्या सिंफनींचे मुद्रण सुरू झाले. टाळे लागले ते याच वाद्यवृंदाला आणि याच टप्प्यावर.

अडचण

पैशांची अडचण खरी होती. तिला बनाव म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

अमेरिकेत वाद्यवृंदाला युरोपासारखा भक्कम सरकारी आधार नसतो. तिकिटांतून खर्चाचा एक भाग निघतो. बाकीचा देणग्यांतून आणि कायमनिधीच्या, म्हणजे मूळ रक्कम राखून गुंतवलेल्या निधीच्या, उत्पन्नातून भागवावा लागतो. बेथोव्हनची पाचवी सिंफनी १८०८ साली वाजवायला जितकी माणसे आणि जितकी मिनिटे लागली, साधारण तितकीच आजही लागतात, आणि पगार मात्र बाकीच्या समाजाबरोबर वाढत राहतात. अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९६० च्या दशकात हे दुखणे नीट उलगडून दाखवले होते. त्यात २००८ ची मंदी आली. कायमनिधी आटला, देणगीदारांनी हात आखडता घेतला, आणि तूट भरायला मूळ निधीतूनच जास्त उचल होऊ लागली. हे असेच चालले तर काही वर्षांत निधी संपेल, असे मंडळाचे म्हणणे होते.

आजूबाजूलाही हेच चालले होते. डेट्रॉइटच्या वाद्यवृंदात २०१०-११ मध्ये सहा महिने संप झाला. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने एप्रिल २०११ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले. नदीपलीकडच्या सेंट पॉल चेंबर ऑर्केस्ट्रातही २०१२ च्या ऑक्टोबरातच टाळेबंदी झाली. म्हणजे एकाच वेळी दोन्ही जुळ्या शहरांचे वाद्यवृंद गप्प होते.

मिनेसोटाची तूट २०११ साली २९ लाख डॉलर आणि २०१२ साली ६० लाख डॉलर दाखवली गेली. वादकांबरोबरचा करार ३० सप्टेंबर २०१२ ला संपत होता. एप्रिलमध्ये व्यवस्थापनाने नवा प्रस्ताव ठेवला. वादकांचा सरासरी वार्षिक पगार सुमारे १,३५,००० डॉलरवरून ८९,००० डॉलरवर आणायचा, आणि कामाच्या नियमांमध्येही पुष्कळ बदल करायचे. कपात जवळपास एक तृतीयांश होती.

त्याच सुमारास ऑर्केस्ट्रा हॉलच्या नूतनीकरणासाठी ५ कोटी डॉलर उभे केले गेले होते आणि त्यात राज्य सरकारचाही पैसा होता. इमारतीसाठी दिलेली देणगी पगाराला वापरता येत नाही, हे हिशेबाच्या दृष्टीने बरोबर आहे. पण काचेची नवी लॉबी डोळ्यांसमोर उभी राहत असताना ‘आमच्याकडे पैसे नाहीत’ हे वाक्य कुणाच्या गळी उतरणार? मंडळाला हा प्रश्न वेळेवर पडला नाही असे दिसते.

समोर असलेले पर्याय

सप्टेंबर २०१२ मध्ये मंडळापुढे निदान चार वाटा होत्या.

पहिली, जुन्या करारावरच वाजवत राहायचे आणि बोलणी चालू ठेवायची. वादकांची हीच मागणी होती. मंडळाची अडचण अशी की असे झाले तर वादकांना घाई राहणार नाही आणि निधीची गळती चालूच राहील. हा आक्षेप पोकळ नव्हता.

दुसरी, त्रयस्थ तज्ज्ञाकडून संस्थेचे संपूर्ण आर्थिक परीक्षण करून घ्यायचे आणि त्याचे निष्कर्ष दोघांनी मानायचे. हे झाल्याशिवाय आम्ही उलट प्रस्ताव देणार नाही, असे वादक म्हणत होते. व्यवस्थापन म्हणत होते की दरवर्षी लेखापरीक्षण होते, आकडे तुमच्यासमोर आहेत, आधी तुमचा प्रस्ताव आणा. महिनोन्‌महिने या एकाच गाठीवर सगळे अडले.

तिसरी वाट बंधनकारक लवादाची. मुदत संपायच्या सुमारास वादकांनी ती सुचवली आणि मंडळाने नाकारली. संस्थेच्या भवितव्याचा निर्णय बाहेरच्या माणसाच्या हाती देणे विश्वस्तांना जबाबदारी टाळण्यासारखे वाटले असावे.

चौथी वाट टाळेबंदीची. पगाराचा खर्च लगेच थांबतो, दबाव वादकांवर येतो. सभागृहाच्या कामामुळे २०१२-१३ चा हंगाम तसाही कन्व्हेन्शन सेंटरमध्ये होणार होता, त्यामुळे तो गेला तर नुकसान कमी, असेही गणित कुणाच्या मनात असू शकते.

वादकांनी अखेरचा प्रस्ताव एकमताने फेटाळला आणि मंडळाने चौथी वाट धरली.

माझ्या मते चूक पर्यायांच्या तुलनेतच झाली. टाळेबंदीच्या पारड्यात फक्त वाचणारा पगार धरला गेला. वाद्यवृंदाची खरी मिळकत म्हणजे वर्षानुवर्षे एकमेकांचे श्वास ओळखून वाजवणारी माणसे. ती कुठल्याही ताळेबंदात लिहिलेली नसते, म्हणून तिची घसरणही कुणी मांडली नाही. कारखान्याला टाळे लागले तर यंत्रे जागेवर राहतात. इथे टाळ्याबाहेर उभी होती तीच यंत्रणा होती, आणि ती चालती-बोलती असल्यामुळे दुसऱ्या गावी जाऊ शकत होती.

पुढे काय झाले

टाळेबंदीनंतर दोन-अडीच आठवड्यांतच वादकांनी स्वतःची मैफील केली. कंडक्टर होते या वाद्यवृंदाचे जुने म्युझिक डायरेक्टर एडो दे वार्ट. नंतर स्क्रोवाचेव्हस्कीही आले. हॉल भाड्याने घेणे, तिकिटे विकणे, कार्यक्रमपत्रिका छापणे, देणग्या मागणे, हे सगळे वादक स्वतः करू लागले. ज्यांनी आयुष्यभर फक्त वाजवले होते त्यांना संस्था चालवण्याचे काम हाताने शिकावे लागले. पुढे जे घडले त्यात या शिक्षणाचा वाटा मोठा आहे.

नोव्हेंबर २०१२ मध्ये वर्तमानपत्रात मंडळाच्या जुन्या बैठकींचे इतिवृत्त छापून आले, आणि तिथून प्रकरणाचा रंग बदलला. त्यातला विचार थोडक्यात असा : २००९ आणि २०१० मध्ये जमाखर्च जुळलेला दाखवला तर सरकारकडे इमारतीसाठी मागायच्या पैशाला बळ मिळेल. २०११ आणि २०१२ ची तूट वादकांचा करार बदलण्याची गरज दाखवून देईल. निधीतून किती उचल कुठल्या वर्षी करायची हे मंडळाच्या अधिकारात असते, आणि व्यवस्थापनाने यात काही गैर नसल्याचे सांगितले. पण प्रत्येक श्रोत्यासाठी वेगळा आकडा, असा त्याचा अर्थ शहराने घेतला. त्या दिवसापासून खऱ्या तुटीवरचाही विश्वास उडाला. दोन बाजू कितीही भांडोत, आकड्यांवर त्यांचे एकमत असेल तर तडजोड निघते. इथे तोच पाया गेला.

२०१३ भर वादक सोडून जात राहिले. काही दुसऱ्या शहरांत तात्पुरते वाजवायला गेले, काही कायमचे. पंचवीस वर्षांहून अधिक काळ इथे असलेले प्रमुख क्लॅरिनेटवादक लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदात गेले. अशी एक खुर्ची रिकामी झाली की पडद्याआडून ऑडिशन घ्यायची, महिनोन्‌महिने शोध, मग एक-दोन वर्षांचा परीक्षाकाळ. आणि एवढे करूनही नवा माणूस शेजारच्या बासूनच्या स्वरात मिसळायला आणखी वेळ घेतो. लाकडी फुंकवाद्यांच्या त्या छोट्या घोळक्यात एक माणूस बदलला तरी अख्ख्या वाद्यवृंदाचा रंग बदलतो, हे ऐकणाऱ्याला लगेच कळते.

या वादात तिसरी बाजू उभी राहिली ती श्रोत्यांची. त्यांनी संघटना काढल्या, संस्थेचे वार्षिक हिशेब स्वतः वाचले, सभा घेतल्या, आमदारांना गाठले. शाळकरी वादकांनी स्वतःचा गट काढून मैफिली केल्या. आमच्या इथे किती संस्थांचे श्रोते संस्थेचा ताळेबंद वाचायला बसतील, हा विचार माझ्या मनात आल्याशिवाय राहिला नाही.

२०१३ च्या उन्हाळ्यात माजी सिनेटर जॉर्ज मिशेल यांना मध्यस्थ नेमले. उत्तर आयर्लंडचा शांतता करार घडवण्यात ज्यांचा हात होता तेच हे गृहस्थ. त्यांच्या मध्यस्थीतून पुढे आलेला एक प्रस्ताव वादकांनी मान्य केला आणि मंडळाने नाकारला. वाजवणे आधी सुरू व्हावे आणि बोलणी पुढे चालावीत, या धर्तीचा तो होता. माझ्या दृष्टीने हा दुसरा मोठा निर्णयबिंदू. एक वर्ष होत आले होते, पहिल्या वर्षाची बचत जवळपास झाली होती, आणि मध्यस्थ दोन्ही बाजूंनी स्वीकारलेला होता. माघार न वाटता मागे येण्याची याहून चांगली संधी मंडळाला पुन्हा मिळाली नाही.

व्हॅन्स्का यांनी एप्रिलमध्येच पत्र लिहून कळवले होते : नोव्हेंबरात कार्नेगी हॉलमध्ये सिबेलियस वाजवायचा आहे, त्यासाठी तालमींना पुरेसा वेळ हवा, तो मिळाला नाही तर मी राजीनामा देईन. मुदत त्यांनी आधी सांगितली होती आणि ती पाळली. ३० सप्टेंबरला कार्नेगीच्या मैफिली रद्द झाल्या आणि १ ऑक्टोबर २०१३ रोजी त्यांनी पद सोडले. संस्थेच्या तरुण संगीतकारांच्या उपक्रमाचे प्रमुख असलेले संगीतकार आरॉन जे कर्निस यांनीही त्याच सुमारास राजीनामा दिला.

त्याच आठवड्यात व्हॅन्स्का यांनी वादकांच्या निमंत्रणावरून विद्यापीठाच्या टेड मॅन हॉलमध्ये निरोपाच्या मैफिली केल्या. पियानोवर इमॅन्युएल ॲक्स होते. शेवटी सिबेलियसचा ‘वाल्स त्रिस्त’ वाजवण्याआधी त्यांनी श्रोत्यांना टाळ्या न वाजवण्याची विनंती केली. लोक तसेच उठून शांतपणे बाहेर पडले.

समेट

१४ जानेवारी २०१४ रोजी तीन वर्षांचा करार झाला. पगारात सुमारे १५ टक्के कपात, आरोग्यविम्याचा जास्त भार वादकांवर, आणि कायमनिधी चांगला वाढला तर त्यात वादकांना वाटा. मंडळाने मागितली होती त्याच्या जेमतेम निम्मी ही कपात होती, आणि वादकांनाही पंधरा महिन्यांपूर्वी नको असलेलीच ती होती.

या आकड्याशी मी पुन्हा पुन्हा येतो. १५ टक्के हा मधला आकडा २०१२ च्या उन्हाळ्यात कागदावर येऊ शकला असता का? खात्रीने सांगता येत नाही. वादकांनी त्या वेळी कुठलाच आकडा दिला नव्हता, आणि ही त्यांच्या बाजूची मोठी चूक मी मानतो. आधी परीक्षण हवे ही मागणी योग्य होती, पण ‘परीक्षणात तूट अमुक निघाली तर आम्ही तमुक सोसू’ असा सशर्त प्रस्ताव देता आला असता. त्यामुळे ‘हे बोलायलाच तयार नाहीत’ हा आरोप टिकला नसता.

करार झाल्यावर दोनच आठवड्यांनी, २६ जानेवारीला, सिबेलियसच्या पहिल्या आणि चौथ्या सिंफनीच्या मुद्रणाला ग्रॅमी मिळाले. मुद्रण टाळेबंदीपूर्वीचे होते आणि ते करणारे कंडक्टर आता पदावर नव्हते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात नव्या लॉबीतून लोक आत आले. नव्वद वर्षांचे स्क्रोवाचेव्हस्की मंचावर होते आणि कार्यक्रमात बेथोव्हनची ‘एरोइका’ होती.

मग प्रश्न आला व्हॅन्स्कांचा. मार्चमध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी वर्षाच्या उत्तरार्धात पद सोडणार असल्याचे जाहीर झाले. त्याच्या निषेधार्थ मंडळातल्या आठ सदस्यांनी राजीनामे दिले. मार्चअखेर ग्रॅमीनिमित्त झालेल्या मैफिलींना व्हॅन्स्का पाहुणे म्हणून आले तेव्हा श्रोते फिनलंडचे झेंडे घेऊन आले होते. एप्रिलमध्ये त्यांची पुन्हा नेमणूक झाली, सुरुवातीला दोन वर्षांसाठी. पुढे ते २०२२ पर्यंत राहिले.

पुन्हा उभे राहताना

नवे मुख्य अधिकारी शहरातल्या ऑपेरा कंपनीचे जुने प्रमुख होते. त्यांच्या काळात वादक मंडळाच्या समित्यांवर बसू लागले. आर्थिक नियोजन, कार्यक्रमांची आखणी, निधी उभारणी, सगळीकडे वादकांचा आवाज आला. टाळेबंदीत स्वतःच्या मैफिली भरवताना जे ते शिकले होते त्याचा आता संस्थेला उपयोग झाला. हॉलचे भाडे आणि जाहिरातीचा खर्च काय असतो, हे स्वतः भरलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मे २०१५ मध्ये अमेरिका आणि क्युबा यांचे संबंध निवळू लागताच हा वाद्यवृंद हवानाला पोहोचला. ऑगस्ट २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा झाला, सोवेटोतही मैफील झाली. पाच वर्षांपूर्वी जो वाद्यवृंद स्वतःच्या सभागृहात पाऊल ठेवू शकत नव्हता, त्याचे हे दौरे आहेत. दोन्ही दौऱ्यांसाठी देणगीदार उभे राहिले, आणि देणगीदार नाहीत हेच तर २०१२ चे रडगाणे होते.

काय वेगळे करता आले असते

मंडळाने तूट जशी होती तशी २००९ पासूनच जाहीर केली असती, तर इमारतीचा निधी कदाचित कमी जमला असता. पण वादकांशी बोलणे तीन वर्षे आधी आणि खूप कमी कपातीवर सुरू झाले असते. तूट वाढत असताना लपवून शेवटी एकदम एक तृतीयांश कपात पुढे ठेवणे हा मला या प्रकरणातला मूळ दोष वाटतो. टाळेबंदी त्याचा परिणाम होती.

संयुक्त परीक्षणाला नकार देणे तर अनाकलनीय आहे. परीक्षणाचा खर्च एका रद्द मैफिलीच्या नुकसानीपुढे काहीच नव्हता, आणि आकडे मंडळ म्हणत होते तसेच निघाले असते तर सगळ्यांत मोठा फायदा मंडळाचाच होता.

श्रोत्यांनाही एक गोष्ट लवकर करता आली असती. त्यांच्या संघटना मुख्यतः टाळेबंदी सुरू झाल्यावर आकाराला आल्या. करार कधी संपतो, निधीतून किती उचल होते, ही माहिती आधीच्या वर्षांतही मागता आली असती. तिकीट काढणाऱ्याला हा हक्क आहे असे तोवर बहुधा कुणाला वाटले नव्हते.

वादकांविषयी आणखी एक. ज्या संस्थेच्या आर्थिक समित्यांवर ते २०१४ नंतर बसले, त्या समित्यांवर जागा २००७ च्या करारातच मागायला हव्या होत्या. तेव्हा पगारवाढीची बोलणी चांगली चालली होती, आणि चांगल्या दिवसांत हिशेबाच्या वह्या मागाव्याशा कुणालाच वाटत नाहीत.

२०२० : दुसरी परीक्षा

मार्च २०२० मध्ये महामारीने सभागृह पुन्हा बंद केले. तिकीटविक्री शून्यावर आली, म्हणजे परिस्थिती २०१२ पेक्षा कितीतरी वाईट. त्या शरद ऋतूत वादकांनी एका वर्षासाठी पगारात २५ टक्के कपात मान्य केली. २०१४ मध्ये पंधरा महिन्यांच्या भांडणानंतर जितकी मिळाली होती, त्याहून ही मोठी. संप झाला नाही, टाळेबंदी झाली नाही, मध्यस्थ लागला नाही. आकडे दोन्ही बाजूंनी मिळून पाहिलेले होते. ऑक्टोबरपासून रिकाम्या ऑर्केस्ट्रा हॉलमधून मैफिलींचे थेट प्रक्षेपण सुरू झाले, तोंडावर मास्क लावलेले तंतुवादक एकमेकांपासून दूरदूर बसले आणि वाजवत राहिले.